वीस भागांची सूट: एका रिकाम्या सदनिकेच्या वरवरच्या नूतनीकरणाचा प्रकरण अभ्यास

७२ चौरस मीटर चटई क्षेत्राची, दोन शयनगृहे आणि एक न्हाणीघर असलेली, तीस वर्षे जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची ही सदनिका विकली गेली तेव्हा ती आठ महिने रिकामी पडून होती. मूळ मालक दुसरीकडे राहायला गेले होते, नंतरच्या भाडेकरूंनी घर जेमतेम सांभाळले होते, आणि पाहायला आलेले बहुतेक ग्राहक पाच मिनिटांत बाहेर पडत होते. भिंती काळवंडलेल्या होत्या, स्वयंपाकघरातील कपाटांची दारे फुगली होती, न्हाणीघरातील फरश्यांचे सांधे काळे पडले होते, प्रत्येक खोलीतला दिवा वेगळ्याच रंगाचा उजेड देत होता, आणि सगळ्या घरात गटारासारखा कोंदट वास भरून राहिला होता. गुंतवणूकदारांनी हेरले ते नेमके हेच. घराचा सांगाडा धड आहे, बिघडले आहे ते फक्त रूप, तेव्हा रूप सुधारावे आणि सहा-सात महिन्यांत घर विकून मोकळे व्हावे, असा त्यांचा विचार होता.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा व्यवहारांत सुटे सुटे आढळणारे प्रश्न येथे एकाच सदनिकेत एकत्र आणले आहेत, आणि चलन कोणतेही असले तरी हिशेब पडताळता यावा म्हणून खरेदीची किंमत १०० धरून बाकीचे सर्व आकडे तिच्या प्रमाणात दिले आहेत.

वहीतला हिशेब

गुंतवणूकदारांच्या वहीत तीनच ओळी होत्या. त्याच इमारतीत अलीकडे झालेले तीन व्यवहार १२२, ११९ आणि ११६ या किमतींना झाले होते, म्हणून विक्रीची अपेक्षित किंमत १२० धरली होती. खरेदी १०० ची होती. ठेकेदाराचे दरपत्रक १२ चे होते. उरले ८. दरपत्रकात नवे स्वयंपाकघर ४, न्हाणीघराच्या सर्व फरश्या बदलणे ३, रंगकाम १.८, फॉल्स सीलिंग १.२, नवी भिंतीतली कपाटे १, आणि दिवे, नळ, कड्या-मुठी मिळून १ अशी विभागणी होती. सल्ल्यासाठी हे कागद माझ्यापुढे आले तोवर खरेदी पूर्ण झालेली होती. ही बाब महत्त्वाची आहे, कारण त्यामुळे या हिशेबातील सर्वांत मोठा आकडा आता बदलता येण्याजोगा राहिला नव्हता.

वहीत जे नव्हते ते असे: खरेदीच्या वेळचे मुद्रांक, नोंदणी आणि वकील-दलालीचे खर्च मिळून ६, विक्रीच्या वेळचे ३, आणि घर हातात असेपर्यंतचा दरमहा खर्च. किमतीच्या ६० टक्के कर्ज ६ टक्के व्याजाने घेतले होते, म्हणजे वर्षाचे व्याज ३.६, इमारतीचा देखभाल खर्च, मालमत्ता कर आणि विमा मिळून वर्षाला १.२, एकूण ४.८, म्हणजे महिन्याला ०.४. काम तीन महिने आणि विक्रीला चार महिने धरले तर सात महिन्यांचे २.८ होतात. वहीबाहेरचे हे सर्व ११.८ भरते आणि अपेक्षित ८ चा नफा ३.८ च्या तोट्यात जातो. हातात घर ठेवण्याचा खर्च रंगाच्या डब्यासारखा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तो विसरला जातो, आणि विसरणारे बहुधा नवखेच असतात असेही नाही.

घरे घेऊन, सुधारून विकणाऱ्या अमेरिकी व्यावसायिकांत एक ढोबळ नियम प्रचलित आहे: सुधारणेनंतरच्या किमतीचे ७० टक्के काढावेत, त्यातून कामाचा खर्च वजा करावा, आणि त्याहून जास्त किंमत देऊ नये. या घराला तो लावला तर १२० चे ७० टक्के ८४, वजा १२, म्हणजे ७२. इतक्या कमी किमतीला कोणी विकेल अशी अपेक्षा बहुतेक बाजारपेठांत करता येणार नाही, आणि मी स्वतः हा नियम शब्दशः वापरत नाही. तरीही त्यात राखलेले ३० टक्के कशासाठी असतात हे विसरलेल्या खर्चांच्या या यादीवरून कळते.

सूट नेमकी कशाची

बाजारभावापेक्षा स्वस्तात मिळालेले घर पाहून पहिला प्रश्न पडला पाहिजे तो स्वस्ताईच्या घटकांचा. मूल्यांकनाच्या शास्त्रात इमारतीचे मूल्य घटण्याची तीन कारणे वेगळी काढतात. झीज, मळ, मोडतोड हा भौतिक ऱ्हास. अडचणीचा आराखडा किंवा दोन शयनगृहांना एकच न्हाणीघर ही कार्यात्मक कालबाह्यता. आणि शेजारचा गोंगाट, समोर उभी राहिलेली भिंत, परिसराची घसरण ही बाह्य कालबाह्यता. पहिल्या दोन प्रकारांत दुरुस्त करण्याजोगे काय याची कसोटी तांत्रिक नसून आर्थिक असते: दुरुस्तीचा खर्च तिच्यामुळे वाढणाऱ्या मूल्याहून कमी असेल तरच तो दोष दुरुस्त करण्याजोगा मानतात. तिसरा प्रकार मालकाच्या हातात सहसा नसतोच. वरवरच्या नूतनीकरणाची सत्ता या सगळ्यापैकी पहिल्या प्रकाराच्या एका भागापुरती चालते, आणि म्हणून वीस भागांच्या सुटीतील किती भाग तेथे मोडतो हे ठरवणे हाच या प्रकरणाचा गाभा ठरला.

तीन व्यवहारांकडे पुन्हा पाहिले. १२२ ला विकलेल्या सदनिकेबरोबर छताखालची वाहनतळाची जागा दिली होती. त्या इमारतीत अशी जागा स्वतंत्रपणे सुमारे ५ ला विकली जाते, म्हणून केवळ सदनिकेची किंमत ११७ राहते. शिवाय तिच्यात स्वयंपाकघर नुकतेच नवे केले होते. ११९ ची सदनिका टोकाची होती, तिला दोन बाजूंनी मोकळा उजेड होता. ११६ ची सदनिका मात्र याच घराच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, त्याच आराखड्याची, वाहनतळाविना आणि मूळच्याच स्वयंपाकघरासह विकली गेली होती. तिच्या मालकांनी ती फक्त स्वच्छ आणि नीटनेटकी ठेवली होती.

या एका तुलनेतून दोन गोष्टी कळल्या. आपल्या घराची कमाल किंमत १२० नसून ११६ च्या आसपास आहे, आणि तेथवर पोहोचायला नव्या स्वयंपाकघराची गरज नाही, कारण खालचे घर जुन्या स्वयंपाकघरासह तेथे पोहोचले आहे. नव्या स्वयंपाकघराची किंमत ग्राहकाने फार तर १ दिली, ११७ आणि ११६ मधला फरक तेवढाच. दरपत्रकात त्याचा खर्च ४ होता. मजल्याचा थोडाबहुत फरक यात मिसळलेला असू शकतो आणि तीन व्यवहार हा पुरावा म्हणून तोकडाच, हे मान्य करूनही ४ आणि १ मधली दरी इतकी रुंद आहे की निष्कर्ष उलटण्याची भीती वाटत नाही.

मग विक्रीचा हिशेब नव्याने मांडला. दरपत्रक १२ वरून ३.८ वर आणले, म्हणजे रंगकाम १.६, कपाटांची दारे १.१, दिवे, नळ आणि मुठी ०.७, सफाई आणि सांधे ०.४ एवढेच ठेवले. काम दीड महिन्यात आणि विक्री त्यानंतर साडेतीन महिन्यांत होईल असे धरून घर पाच महिने हातात राहील असे मानले. ११६ मधून १००, ३.८, ६, ३ आणि २ वजा जाता उरले १.२. तेही एकही अडचण आली नाही तर, आणि नफ्यावरील कर भरण्याआधी. एवढ्या निमुळत्या फटीसाठी विक्रीची जोखीम घ्यावी असे मला वाटले नाही, आणि बऱ्याच चर्चेनंतर गुंतवणूकदारांनी घर भाड्याने देण्याचे ठरवले.

भाड्याच्या हिशेबात प्रश्न बदलतो. आहे त्या स्थितीत घराला वर्षाला ४ भाडे मिळाले असते, नीट केल्यावर ४.८, फरक ०.८. ३.८ खर्चावर ०.८ म्हणजे २१ टक्के परतावा, अशी ओळ वहीत लगेच उमटली. ती खोडावी लागली, कारण रंग काही जमीन नव्हे, तो झिजतो. रंगकाम पाच वर्षे, दारे आणि नळ-दिवे दहा वर्षे, सांधे आणि सफाई चार वर्षे टिकेल असे धरले तर वर्षाची झीज अनुक्रमे ०.३२, ०.११, ०.०७ आणि ०.१०, एकूण ०.६० होते. ०.८ मधून ती वजा केल्यावर खरी वार्षिक मिळकत ०.२ उरते. वरवरच्या कामाला आधार मिळाला तो दुसरीकडून: त्या अवस्थेतले घर भाड्याने जायला चार महिने आणि नीट केलेले जायला एक महिना लागेल असा अंदाज होता, आणि वाचलेल्या तीन महिन्यांचे भाडे जुन्या दराने धरले तरी १ होते. उलट दरपत्रकातील उरलेल्या ८.२ च्या कामांनी भाडे वर्षाला आणखी ०.२ वाढले असते, म्हणजे झीज न धरताही सुमारे २.४ टक्के, कर्जाचे व्याज ६ टक्के असताना ती कामे करण्यात अर्थ नव्हता.

वास

प्रत्यक्ष कामातली सर्वांत स्वस्त दुरुस्ती सांगण्यासारखी आहे. घरातला वास भिंतींत मुरला आहे, स्वयंपाकघरातील ओट्याखालचा सगळा भाग काढावा लागेल, असे ठेकेदाराचे मत होते. न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि सज्जा मिळून सांडपाण्याची चार तोंडे होती. अशा प्रत्येक तोंडाखाली वाकडी नळी किंवा ट्रॅप असतो आणि त्यात सुमारे ५० मिलिमीटर पाणी कायम साचून राहते. मलवाहिनीतील वायू घरात येऊ न देणारा पडदा तेवढाच असतो. घर रिकामे असले की ते पाणी काही आठवड्यांत वाळते. आठ महिने चारही तोंडे कोरडी होती. प्रत्येकात बादलीभर पाणी ओतले, खिडक्या दोन दिवस उघड्या ठेवल्या, आणि वास गेला.

विक्रेत्याने ही बादली आधी ओतली असती तर त्याला किती जास्त किंमत मिळाली असती याचा अंदाज करण्याचा मोह मला आजही होतो. ग्राहक वासाचे कारण शोधत बसत नाही. तो वासाला मोठ्या, न दिसणाऱ्या बिघाडाची खूण समजतो आणि तेवढी किंमत कमी सांगतो. दिसणारा मळ आणि येणारा वास यांची सूट दुरुस्तीच्या खर्चाच्या कितीतरी पट मिळते, म्हणूनच वरवरच्या नूतनीकरणाचा धंदा मुळात शक्य होतो.

ताजा रंग असलेली भिंत

याच तर्काची दुसरी बाजू मागच्या शयनगृहात होती. बाकी सर्व भिंती काळवंडलेल्या असताना न्हाणीघराला लागून असलेल्या एका भिंतीचा खालचा मीटरभर भाग तुलनेने ताज्या रंगाचा होता. त्यावर पुसट पिवळी किनार आणि दोन-तीन ठिकाणी बोटाने दाबल्यावर खचणारे फुगे होते. ठेकेदाराच्या यादीत त्यापुढे लांबी (पुट्टी) भरून दोन हात रंग अशी नोंद होती.

रिकाम्या घराचा धोका येथे उलटा असतो. न्हाणीघर आठ महिने वापरात नव्हते, त्यामुळे ओल वाळली होती आणि भिंत खरेदीच्या वेळी हाताला कोरडी लागत होती. वास रिकामेपणामुळे आला होता. ओल रिकामेपणामुळे लपली होती. म्हणून रंगकाम थांबवून न्हाणीघर मुद्दाम वापरायला लावले. प्रथम सांडपाण्याचे तोंड बंद करून जमिनीवर अडीच सेंटिमीटर पाणी २४ तास साठवले. पातळी उतरली नाही आणि भिंतीवरील ओलमापकाचा आकडाही हलला नाही. म्हणजे जमिनीचा जलरोधक थर शाबूत होता. भिंतीतल्या नळवाहिनीला दाब देऊन पाहिला, तोही टिकला. मग तीन दिवस रोज अर्धा तास शॉवर भिंतीवर सोडला, आणि तिसऱ्या दिवशी शयनगृहाच्या बाजूचा आकडा चढू लागला. पाणी फरश्यांच्या निखळलेल्या सांध्यांतून आणि कोपऱ्यातल्या फाटलेल्या सिलिकॉनमधून आत जात होते. हवेतली वाफ थंड भिंतीवर साचत असेल ही शंका दूर करण्यासाठी अर्ध्या मीटरचा प्लास्टिकचा चौकोन भिंतीवर चारही कडा चिकटवून दोन दिवस ठेवला होता. पाण्याचे थेंब त्याच्या आतल्या बाजूला जमले, म्हणजे ओल भिंतीतूनच येत होती.

दुरुस्ती अवघड नव्हती. सांधे खरवडून नवे ग्राउट भरले, कोपऱ्यातले सिलिकॉन पूर्ण काढून पुन्हा लावले, आणि शयनगृहाच्या बाजूचा क्षारांनी पोखरलेला गिलावा मीटरभर उंचीपर्यंत पाडून नवा केला. खर्च ०.७ आला. वेळ मात्र गेला. ताज्या सिमेंटच्या गिलाव्याला रंगाआधी साधारण चार आठवडे द्यावे लागतात. तो तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यावर घाईने तैलरंग लावला तर रंगातील तेलाचा अक्षरशः साबण होऊन थर सुटतो. मागची विटांची भिंत तर त्याहून सावकाश वाळते; जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक महिना हा जुन्या लोकांचा ठोकताळा आहे. त्यामुळे त्या भिंतीवर वाफ बाहेर पडू देणारा सौम्य रंग लावला, आणि घराचे बाकी काम उरकून ती सर्वांत शेवटी घेतली. तरीही सहा आठवड्यांचे वेळापत्रक अकरा आठवड्यांवर गेले. पाच आठवड्यांचे बुडालेले भाडे ०.४६ आणि दुरुस्ती ०.७ मिळून जवळपास १.२ होतात, विक्रीच्या हिशेबात सगळे सुरळीत पार पडल्यावर उरणारा नफा तेवढाच होता.

त्या भिंतीवर नुसता रंग मारून घर विकता आले असते, असे गुंतवणूकदारांनी एकदा बोलून दाखवले. तांत्रिकदृष्ट्या काही महिने ते खपलेही असते. परंतु माहीत असलेला दोष झाकून घर विकणाऱ्याला त्याची भरपाई द्यावी लागते हे तत्त्व अनेक देशांच्या कायद्यात आहे, आणि रंगाच्या ताज्या पट्ट्याइतका झाकल्याचा उघड पुरावा दुसरा नसतो. त्यांच्या आधीच्या विक्रेत्याने त्यांना तोच पट्टा विकला होता. खरेदीपूर्वी तो पाहून प्रश्न विचारला असता तर या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून घेता आला असता. तीस जणांनी पाहिलेल्या घरात हा प्रश्न कोणीच विचारला नाही, कारण सगळ्यांचे लक्ष वासाकडे होते.

बाकीची कामे

रंगकामाच्या दरपत्रकात दोन हातांसाठी ६५ लिटर रंग धरला होता. घराच्या भिंती आणि छत मिळून रंगवायचे क्षेत्र चटई क्षेत्राच्या साधारण तिप्पट, म्हणजे येथे २१५ चौरस मीटरच्या आसपास असते. एक लिटर रंग एका हाताला १० ते १२ चौरस मीटर जातो. म्हणून दोन हातांना ४० लिटर पुरतात. हा गुणाकार ठेकेदारासमोर केल्यावर रंगकामाचा आकडा १.८ वरून १.६ वर आला. रंग सगळीकडे एकच फिकट आणि चकाकी नसलेला निवडला. बैठकीच्या खोलीत मोठ्या खिडकीतून उजेड भिंतीवर तिरका पडतो, आणि अशा उजेडात चकाकणारा रंग गिलाव्यातला प्रत्येक उंचसखलपणा दाखवून देतो.

दारांच्या चौकटींवर तैलरंगाचे जुने तीन-चार थर होते. ते कोरडे घासण्याआधी नमुना तपासून घेतला, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ मुलांना विशेष घातक ठरते. शिशाच्या संपर्काची सुरक्षित मात्रा ज्ञात नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. येथे नमुना निर्धोक निघाला. तपासणीचा खर्च एका दिव्याच्या किमतीएवढा होता.

कपाटांचे सांगाडे ठोकून पाहिले, ते भक्कम होते, म्हणून फक्त दारे आणि मुठी बदलल्या. दिवे सर्व खोल्यांत ३००० केल्विनचे, म्हणजे उबदार उजेडाचे बसवले. एका खोलीत पिवळा आणि शेजारच्या खोलीत निळसर पांढरा उजेड असला की स्वच्छ घरही छायाचित्रात कळकट दिसते.

दोन कामे माझ्या मताविरुद्ध झाली. बैठकीच्या खोलीपुरते फॉल्स सीलिंग गुंतवणूकदारांनी ०.६ खर्चून करून घेतलेच. खोलीची उंची २.६ मीटर आहे. सीलिंगने त्यातले १८ सेंटिमीटर खाल्ले, आणि पाहायला आलेल्या एकाही भाडेकरूने त्याचा उल्लेख केला नाही. स्वतःच्या घरात हौस भागवण्याला माझी हरकत नाही, पण त्या खोलीत ते स्वतः राहणार नव्हते. दुसरे काम न्हाणीघरातील जुन्या फरश्यांवर एपॉक्सी रंग देण्याचे, खर्च ०.२. कोरड्या भिंतींवर हा रंग चांगला टिकतो. शॉवरच्या बाजूला मात्र जुन्या सिलिकॉनचा अंश फरश्यांवर राहिला होता, आणि रंग पक्का होण्यासाठी सांगितलेले दिवस पुरते न देता न्हाणीघर वापरात आले.

एकूण खर्च ५.३ झाला. ३.८ च्या कामावर १५ टक्के राखीव धरून ४.३७ ची मर्यादा ठरवली होती, ओलीचे ०.७ राखीव रकमेच्या थोडे पुढे गेले, आणि उरलेला ०.८ चा भार हौसेचा होता.

वर्षानंतर

घर तीन आठवड्यांत ४.७ भाड्याने गेले. अपेक्षेपेक्षा ०.१ कमी, पण एक महिन्याऐवजी तीन आठवडे. घर हातात ठेवण्याचा वार्षिक खर्च ४.८ असल्याने भाडे आणि खर्च जेमतेम जुळतात, आणि मूळ भांडवलाचा परतावा पुढे किंमत वाढण्यावर अवलंबून राहतो. हे रंगकामाने बदलण्यासारखे नव्हतेच. ते १०० ला खरेदी केली त्या दिवशी ठरले होते.

दरम्यान नव्या रूपाच्या बळावर वाढीव कर्ज मागण्याचा प्रयत्न झाला. बँकेच्या मूल्यांककाने किंमत ११० लावली. गुंतवणूकदारांना ती अन्यायाची वाटली, पण मूल्यांकक क्षेत्रफळ, मजला, इमारतीचे वय आणि नोंदलेले व्यवहार पाहतो, आणि त्यांच्या स्वतःच्या सदनिकेचा १०० चा व्यवहार हा त्या नोंदींतला सर्वांत ताजा होता. कराच्या बाबतीतही त्यांना कागद वेगळे लावावे लागले: अनेक देशांत भाड्याच्या घराची दुरुस्ती त्याच वर्षीच्या उत्पन्नातून वजा होते आणि सुधारणा भांडवली खर्चात जाते, म्हणून ओलीची दुरुस्ती आणि फॉल्स सीलिंग एकाच पावतीवर असणे गैरसोयीचे ठरले. ठेकेदाराकडून पावत्या फोडून घेण्यात दोन महिने गेले.

वर्ष संपताना घराची पाहणी केली तेव्हा शयनगृहातील दुरुस्त केलेल्या भिंतीवरचा ओलमापकाचा आकडा समोरच्या भिंतीइतकाच होता. न्हाणीघरात शॉवरखालचा एपॉक्सी रंग पाचव्या महिन्यातच पापुद्रे धरून सुटला होता आणि भाडेकरूंनी त्याची दोनदा तक्रार केली होती. तो पुन्हा रंगवायचा नाही, हे घर रिकामे झाल्यावर फक्त शॉवरच्या दोन बाजूंच्या फरश्या बदलायच्या, असे ठरले, त्याला ०.९ लागतील आणि आठ दिवस पुरतील. उरलेल्या रंगाचे दोन डबे, रंगाचा क्रमांक आणि कोणत्या भिंतीवर कोणता थर आहे याचा कागद सज्ज्यातल्या कपाटात ठेवला आहे, म्हणजे पुढच्या वेळी डाग पडलेल्या भिंतीच तेवढ्या रंगवता येतील. चार तोंडांत पाणी ओतण्याची सूचना त्याच कागदावर सर्वांत वर लिहिली आहे.